शनिवारचा इंग्रजीचा वर्ग आणि त्याआधीची प्रार्थना: निर्वासितांना चर्च देते ती मदत की आमिष?

गोदातीर
नमस्कार. मी मूळची नाशिकची असून गेली नऊ वर्षे मिनेसोटातील सेंट पॉल शहरात राहते. गेल्या हिवाळ्यापासून घराजवळच्या एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी निर्वासितांना इंग्रजी शिकवते. वर्गात बहुतेक ब्रह्मदेशातून थायलंडच्या छावण्यांमार्गे आलेल्या कारेन जमातीच्या स्त्रिया आहेत, आणि लाओसमधून आलेले ह्मोंग या डोंगरी जमातीचे एक वृद्ध आजोबा. एक कारेन आजी दर आठवड्याला नेमाने दहा मिनिटे उशिरा येतात. बसच्या वेळा जमत नसाव्यात असे मी धरून चालले आहे.

वर्ग प्रार्थनेने सुरू होतो. ती सक्तीची नाही, मला तर कोणी हात जोडायलाही सांगितलेले नाही. तरीही दर वेळी मनात प्रश्न येतो. ज्यांना भाषा येत नाही, ज्यांच्या घरातले अंथरूण-पांघरूण, मुलांचे थंडीचे कोट आणि स्वयंपाकाची भांडी याच चर्चच्या लोकांनी आणून दिली, त्यांच्यासमोर अशी प्रार्थना म्हणणे ही निव्वळ रीत आहे, की न बोलता घातलेली अट? लहानपणापासून आपल्याकडे मिशनरी म्हटले की आमिष हा शब्द पाठोपाठ येतो, त्यामुळे माझी नजर आधीच कलुषित असण्याची शक्यता आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे.

पंक्चरवाला
यात विचारण्यासारखे काय आहे? आमच्याकडे दुष्काळात लोक पोटासाठी बाटले, तिकडे थंडीसाठी बाटत असतील. धान्याच्या जागी कोट आले, एवढाच फरक.

नगरची_लेक
पंक्चरवाला, 'बाटले' हा शब्द आपण सहज वापरलात, म्हणून आधी त्याविषयी. माझे खापरपणजोबा त्या 'बाटलेल्यां'पैकी. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते आणि मिशनच्या शाळेत बाकावर बसता येत होते. त्यांनी काय निवडले आणि का, याचा हिशेब केवळ पोटाच्या मापाने करू नये, एवढीच विनंती.

आता मूळ विषयाकडे येते, कारण गोदातीरताईंच्या वर्गातील कारेन स्त्रियांशी आमचे एक जुने नाते आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने आपली पहिली परदेशी तुकडी दोन जहाजांतून कलकत्त्याला पाठवली. त्या तुकडीतले अदोनिराम जडसन प्रवासात अभ्यास करता करता बाप्तिस्म्याविषयीच्या मतात बदलले आणि कलकत्त्यात पोहोचल्यावर बाप्टिस्ट झाले. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नकोच होते, त्यामुळे सर्वांची पांगापांग झाली. जडसन १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याच वर्षी मुंबईला आले, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, जे १८३१ मध्ये अहमदनगरला आले. जडसन यांच्या कामातून पुढे कारेन बाप्टिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. को था ब्यू या पहिल्या कारेन माणसाचा बाप्तिस्मा १८२८ चा आहे.

सांगायचे तात्पर्य असे की, आपल्या वर्गातील बऱ्याच स्त्रियांना सेंट पॉलच्या चर्चने ख्रिस्ती केलेले नसून त्यांच्या घरात हा धर्म पाच-सहा पिढ्यांपासून असण्याचा संभव आहे. कदाचित प्रार्थना त्यांनीच सुरू केलेली असेल. विचारून पाहावे.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
म्हणजे नगरकर आणि कारेन हे चुलत नातलग निघाले. आता सेंट पॉलला गेल्यावर हुर्ड्याचे आमंत्रण देणे भाग आहे.

विनायक_इंडियाना
नगरची_लेक यांच्या मुद्द्याला माझ्याकडून पुष्टी. मी इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात राहतो, जेथे ब्रह्मदेशातील चिन जमातीची (चिनी नव्हे) अमेरिकेतील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक वस्ती आहे. आर्थर आणि लॉरा कार्सन हे बाप्टिस्ट दांपत्य १८९९ मध्ये त्यांच्या डोंगरांतील हाखा येथे पोहोचले, आणि आज चिन समाज जवळजवळ सगळा ख्रिस्ती आहे. अर्थातच येथे त्यांचे धर्मांतर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. येथील गोऱ्या मंडळींनी त्यांना प्रारंभी सभागृह दिले, दुपारची वेळ दिली. काही वर्षांत चिन मंडळ्यांनी स्वतःच्या इमारती घेतल्या.

परंतु ख्रिस्ती ऐक्याचे चित्र फार रंगवू नये. हाखा बोलणाऱ्यांचे चर्च निराळे, फलाम बोलणाऱ्यांचे निराळे, तेदिमवाल्यांचे आणखी निराळे, आणि एकाच बोलीच्या लोकांतही मतभेद झाले की नवी मंडळी निघते. दोन मराठी माणसे आणि तीन मंडळे हा आपला लौकिक मला येथे फार एकाकी वाटेनासा झाला आहे.

माझ्या गोदामातील एका चिन सहकाऱ्याला मी विचारले होते की पाळक आठवडाभर काय करतो. तो म्हणाला, रविवारी उपदेश करतो आणि उरलेले सहा दिवस गाडीत असतो: कोणाला वाहन परवान्याच्या परीक्षेला ने, कोणाच्या बाळंतपणात दुभाष्या हो, शाळेतून आलेले पत्र वाचून दाखव.

शंकेखोर
कारेन आणि चिन यांची उदाहरणे देऊन सर्वांनी सोपी बाजू निवडली आहे. ज्यांना आधीच ख्रिस्त ठाऊक होता, त्यांच्याबाबत आमिषाचा प्रश्न येणारच कसा? खरी परीक्षा ह्मोंगांची आहे.

१९७५ मध्ये लाओस कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर अमेरिकेच्या बाजूने छुपे युद्ध लढलेले ह्मोंग मेकाँग ओलांडून थायलंडच्या बान विनाईसारख्या छावण्यांत आले. अमेरिकेत निर्वासितांच्या स्वागताचे काम सरकार स्वतः न करता स्वयंसेवी संस्थांना देत आले, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या संस्था लुथरन, कॅथलिक, इव्हँजेलिकल अशा धार्मिकच होत्या. सरकारी पैशातून धर्मोपदेश करता येत नाही हे मला माहीत आहे. पण त्या काळी संस्थेमागे एखादी स्थानिक मंडळी कुटुंबाची पुरस्कर्ती म्हणून उभी असे. घर तिने शोधलेले, बापाची नोकरी तिच्या ओळखीने लागलेली, आणि रविवारी सकाळी दारात गाडी घेऊन उभी असलेली बाई तीच, जिने मंगळवारी मुलाला दवाखान्यात नेले होते. अशा वेळी 'आम्ही येत नाही' हे वाक्य कोणत्या भाषेत म्हणायचे? सक्ती कोणी केली नाही हे शंभर टक्के खरे, आणि नकाराला जागा नव्हती हेही तितकेच खरे.

शिवाय ह्मोंगांचा मूळ धर्म भाड्याच्या घरात पाळणे फार कठीण. आजाऱ्याचा हरवलेला आत्मा परत बोलावायचा तर त्सी नेंग म्हणजे त्यांचा भगत लागतो, कोंबडी लागते, कधी डुक्कर लागते, घंगाळासारखी थाळी तासन्‌तास वाजवावी लागते. शेजारी पोलिसांना फोन करतात. त्यापेक्षा रविवारचे एक तासाचे स्तोत्रगायन सोपे. अनेक कुटुंबे सुरुवातीची काही वर्षे चर्चमध्ये गेली आणि पाय स्थिरावल्यावर पुन्हा आपल्या विधींकडे वळली. यावरून त्या काळच्या श्रद्धेचे वजन ज्याने त्याने जोखावे.

केळफूल
शंकेखोर यांचे बरेचसे पटते, परंतु ह्मोंगांना ख्रिस्ती धर्म अमेरिकेतच भेटला असे वाचकांना वाटू नये. लाओसच्या शिएंग खुआंग प्रांतात १९५० पासूनच अलायन्स या प्रोटेस्टंट मिशनच्या प्रभावाने हजारो ह्मोंग ख्रिस्ती झाले होते, आणि कॅथलिक धर्मगुरूही त्या डोंगरांत काम करत होते.

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्मोंग भाषेची आज सर्वाधिक प्रचलित असलेली रोमन लिपी १९५१ ते १९५३ या काळात लिनवुड बार्नी आणि विल्यम स्मॉली हे दोन प्रोटेस्टंट आणि इव्ह बेर्त्रे हा कॅथलिक पाद्री अशा तिघांनी मिळून बसवली. एरवी हे दोन पंथ एकाच डोंगरावर एकमेकांची माणसे पळवत असताना अक्षरांबाबत मात्र एकत्र बसले. या लिपीत शब्दाच्या शेवटचे व्यंजन उच्चारायचे नसते. ते स्वराचा चढउतार दाखवते. 'वांग' हे आडनाव त्यांच्या लिपीत व्ही, ए, जे असे लिहितात, आणि त्यातला शेवटचा 'जे' म्हणजे वरून खाली घसरणारा सूर. बायबल छापण्यासाठी बसवलेल्या याच लिपीत पुढे छावण्यांतून दुरावलेल्या भावंडांची पत्रे गेली आणि भगतांचे मंत्रही उतरवून घेतले गेले. बेर्त्रे यांनी तर परंपरागत विधी आणि गीते जमवण्यात आयुष्य घालवले. धर्मप्रसारकाने ज्या धर्माची जागा घ्यायची त्याचेच दप्तर सांभाळले, याला आमिष म्हणावे की आणखी काही, मला ठरवता येत नाही.

गोदातीर
सर्वांचे आभार. केळफूल, आमच्या वर्गातील आजोबांचे नाव वाचताना मी वर्षभर शेवटचे अक्षर मोठ्याने उच्चारत होते. ते हसत का असत ते आज कळले.

शंकेखोर यांनी विधींचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या शेजारी एक ह्मोंग कुटुंब आहे. तीन भावांपैकी थोरला पारंपरिक, मधला अलायन्स चर्चमध्ये जाणारा, धाकटा कुठेच न जाणारा. गेल्या वर्षी त्यांची आई वारली. पारंपरिक अंत्यविधी तीन-चार दिवस अहोरात्र चालतो. त्यात केंग नावाचे बांबूच्या नळ्यांचे वाद्य वाजवणारा माणूस आत्म्याला वाट दाखवतो: ज्या ज्या गावी माणूस राहिला त्या प्रत्येक गावाचे नाव उलट्या क्रमाने घेत, थेट जन्मस्थळापर्यंत, जेथे त्याची जन्मावेळची वार पुरलेली असते. मुलाची वार घराच्या मधल्या खांबाखाली आणि मुलीची आईबापांच्या पलंगाखाली पुरण्याची त्यांची रीत आहे. त्या आजींची वाट सेंट पॉलच्या आमच्याच रस्त्यावरून निघाली, थायलंडच्या छावणीतून गेली आणि लाओसमधल्या, आता बहुधा अस्तित्वातही नसलेल्या, एका पलंगाखाली संपली. दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहत घाटावर ताटकळलेली मी, मला ते परके वाटले नाही.

मधला भाऊ सगळ्या खर्चात बरोबरीने सहभागी होता, पण त्याने गुडघे टेकून नमन केले नाही आणि विधीचे मांस खाल्ले नाही. त्यावरून कुळात आजही अबोला आहे. त्याचे म्हणणे असे की, लहानपणी भगताला विचारल्याशिवाय घरात पान हलत नसे, भुतांची आणि खर्चाची सतत भीती असे, आणि ख्रिस्ती झाल्यावर पहिल्यांदा रात्री शांत झोप लागली. त्याला कोणी कोट दिला म्हणून तो गेला नाही. हेही नोंदवणे आवश्यक वाटले.

नगरची_लेक
आपल्या शेजारच्या घराचे वर्णन वाचून ना. वा. टिळकांचे घर आठवले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली, आणि त्याही ख्रिस्ती होईपर्यंत पाच वर्षे गेली. मात्र टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोबत नेले, त्यामुळे नगरच्या उपासनेत आजही टाळ-मृदंग वाजतो. ह्मोंगांच्या केंगला चर्चमध्ये जागा मिळते का?

केळफूल
माझ्या माहितीप्रमाणे कॅथलिक ह्मोंगांमध्ये तुलनेने मोकळीक आहे. अलायन्ससारख्या मंडळ्या केंग दूरच ठेवतात, कारण ते त्यांच्या लेखी नुसते वाद्य नसते. त्याचे सूर म्हणजे शब्दच असतात आणि ते मृताशी बोलतात. मृदंग अभंगातून वेगळा काढता येतो, केंग अंत्यविधीतून तसा काढता येत नाही.

ऑरेंज_काउंटीचा_गजा
येथे व्हिएतनामी मंडळींचा विषय निघालाच नाही याचे आश्चर्य वाटते. १९५४ च्या फाळणीत उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या आठ-नऊ लाख लोकांमध्ये बहुसंख्य कॅथलिक होते, आणि गावेच्या गावे आपल्या धर्मगुरूसह आली. १९७५ मध्ये दक्षिणही कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर त्यांतील अनेकांवर पुन्हा तीच वेळ आली. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप फिलिप हॅनन यांनी त्या वर्षी निर्वासितांना आपल्या शहरात बोलावून घेतले; शहराच्या पूर्व टोकाला व्हर्साय नावाच्या वस्तीत ते राहिले. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर शहरात सर्वांत आधी परतणाऱ्यांमध्ये हीच वस्ती होती, कारण कोण कुठे विखुरले आहे याची यादी चर्चकडे होती. पुढच्याच वर्षी वस्तीजवळ वादळाचा कचरा टाकण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी आंदोलन करून ती कचराभूमी बंद पाडली.

मिसूरीतील कार्थेज हे जेमतेम पंधरा हजार वस्तीचे गाव. तेथे १९७८ पासून दर ऑगस्टमध्ये व्हिएतनामी कॅथलिकांची मारियेची यात्रा भरते आणि हजारोंच्या संख्येने लोक येतात. गावकरी आपल्या अंगणातल्या हिरवळीवर तंबू ठोकू देतात. मी एकदा मित्राबरोबर गेलो होतो. उन्हाचा तडाखा, मोठाल्या पातेल्यांत उकळणारे फो म्हणजे शेवयांचे सूप, ध्वनिक्षेपकावर हरवलेल्या मुलांची नावे. आषाढीच्या पंढरपुरात असल्यासारखे वाटले. आमच्याकडे गार्डन ग्रोव्हचे ते प्रसिद्ध काचेचे चर्च मूळच्या मालकांना परवडेनासे झाल्यावर २०१२ मध्ये कॅथलिक धर्मप्रांताने घेतले, आणि आज त्याच्या आवारात व्हिएतनामच्या ला वांग मातेचे स्थान आहे. कोण कोणापर्यंत पोहोचले, हा प्रश्न येथे उलटाच विचारावा लागेल.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
आमच्या मंडळाचा गणपती गेली अनेक वर्षे एका मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात बसतो. अट एकच: गुलाल उधळायचा नाही, गालिचा खराब होतो. अद्याप एकाही सभासदाचा बाप्तिस्मा झालेला नाही, मात्र पाळक उकडीच्या मोदकांच्या पूर्ण आहारी गेले आहेत. आमिष कोणी कोणाला दाखवले, ते आपणच ठरवा.

शंकेखोर
मोदकाचा मुद्दा मान्य, पण आपण त्या सभागृहाचे भाडे भरता. आपण नोकरीच्या व्हिसावर, इंग्रजी बोलत, विमानतळावरून स्वतःच्या पैशाने टॅक्सी करून आलात. भाडे भरणाऱ्याला कृतज्ञतेचे ओझे नसते. निर्वासिताला भाडे भरण्याचीही मुभा नसते, तो फक्त आभार मानू शकतो. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे.

निवृत्त_बाई
मी सेंट पॉलमध्येच मुलाकडे राहते आणि तेथील कारेन मंडळींशी माझा थोडा परिचय आहे. शहरातील फर्स्ट बाप्टिस्ट हे १८४९ चे जुने चर्च. उतरती कळा लागलेल्या त्या मंडळीत या शतकाच्या प्रारंभी कारेन कुटुंबे येऊ लागली आणि बाके पुन्हा भरली. तेव्हा मदत दोन्ही बाजूंनी झाली, हे शंकेखोर यांच्या ओझ्याच्या हिशेबात धरावे.

परंतु एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. ब्रह्मदेशातील बहुसंख्य कारेन ख्रिस्ती नसून बौद्ध आहेत. ब्रह्मी सरकारविरुद्धच्या त्यांच्या लढ्याचे नेतृत्व मात्र बव्हंशी ख्रिस्ती राहिले, आणि १९९४ मध्ये बौद्ध कारेन सैनिकांनी वेगळे होऊन ब्रह्मी लष्कराशी हातमिळवणी केली. १९९५ च्या जानेवारीत कारेनांचे मुख्य ठाणे मानेरप्लॉ पडले ते या फुटीमुळेच. छावण्यांत आणि येथेही ही आठवण जागी आहे. सेंट पॉलमध्ये कारेन माणसाला दुभाष्या, नोकरी, लग्नाचे स्थळ, सारे बहुतेक कारेन चर्चच्या ओळखीतून मिळते. तेव्हा बौद्ध कारेन बाईवर दडपण असलेच तर ते गोऱ्या पाळकाचे नसून शेजारच्या कारेन मावशीचे असते, आणि ते इंग्रजी वर्गाच्या शिक्षिकेला दिसणे अवघड आहे. गोदातीर, वर्गातील सगळ्या स्त्रिया ख्रिस्ती आहेत, हे आपण गृहीत धरले आहे का?

विनायक_इंडियाना
निवृत्त बाईंचा प्रतिसाद वाचून मी माझ्या आधीच्या प्रतिसादातील 'प्रश्नच उद्भवत नाही' हे शब्द मागे घेतो. चिनांबाबत ते बरेचसे खरे आहे, पण मीही आतले किती पाहिले आहे?

गोदातीर
या शनिवारी चौकशी केली. नगरची_लेक यांचा अंदाज बरोबर निघाला. प्रार्थना चर्चने सुरू केलेली नाही. पहिल्या वर्षी कारेन स्त्रियांनीच ती मागून घेतली होती. पाळकबाईंना मी विचारले की प्रार्थना वर्गानंतर ठेवता येईल का, तर त्या म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, त्यांना विचारा. त्यांना विचारले तेव्हा त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी जेवणाआधीचा वदनी कवळ बंद करायला सांगितला आहे.

आणि मग निवृत्त बाईंचा प्रश्न आठवून मी घड्याळाकडे पाहिले. प्रार्थना आणि एक स्तोत्र मिळून दहा मिनिटे होतात. आजी दारात आल्या तेव्हा त्यांच्या टोपीवर बर्फ साचलेला होता. बसचे वेळापत्रक मी नंतर तपासले. त्यांची बस वर्गाच्या वीस मिनिटे आधी येते.

त्यांना मी काही विचारले नाही, आणि विचारणारही नाही. पुढच्या शनिवारी मी त्याच बसने जाईन आणि थांब्यावर त्यांच्याबरोबर उभी राहीन. एकटी उशिरा येणारी बाई चटकन नजरेत भरते, दोघी उशिरा आल्या तर बसलाच दोष जाईल.

शंकेखोर
पारा उणे वीसच्या खाली जाणार आहे असे हवामान खाते सांगते. हातमोजे दोन जोड्या घालाव्यात.

निवृत्त_बाई
त्या थांब्यासमोरच्या ह्मोंग दुकानात गरम सोयाबीनचे दूध मिळते आणि ते शनिवारी सकाळी सात वाजता उघडते. आजींना तेथे घेऊन जा, आत बसायला दोन खुर्च्या आहेत.